समारोपाचा वेळ

उना गेडिसकडे हात करून तुरुंगमंत्री पिरी सभागृहाला म्हणाले, "माझी इच्छा कितीही असो, कायदाच आडवा येतो. विचारा हवं तर."

एडिंबराच्या संसदेतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. उना सॉलिसिटर जनरल, सरकारची कायदा-अधिकारी. तिला तिथे बोलता येई, मत देता येत नसे. कालच तिने पिरींना स्वच्छ सांगितलं होतं, की एफी टलकच्या मुलीच्या कोठडीतल्या मृत्यूची न्यायाधीशांकडून चौकशी करायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. आणि आज चौकशीच्या ठरावावरच्या चर्चेत हा माणूस तिच्याच आड लपून खोटं बोलत होता. तिचे कान तापले.

समोरच्या विरोधी बाकावरून रॉरी बेन ओरडला, "अहो सॉलिसिटरबाई, हा सल्ला तुमचाच ना? की मंत्र्यांना स्वप्नात मिळाला?"

हशा पिकला. उना उभी राहिली.

"मी सल्ला दिला की नाही, दिला तर काय दिला, हे इथे सांगता येत नाही."

"म्हणजे तोंडाला कुलूप, आणि किल्ली मंत्र्यांच्या खिशात!"

ती बसली. गुप्ततेची शपथ तिने बायबलवर हात ठेवून घेतली होती, आणि शपथ काही सोयीपुरती पाळायची नसते.

पिरी तिच्याकडे झुकले. "सरकारतर्फे समारोप तुझा. थोडं कायद्याचं बोल, की झालं."

"गॉर्डन, तू धडधडीत खोटं बोललास."

"मग सांग ना उठून," ते हसून म्हणाले.

वर सज्जात एफी कठडा घट्ट धरून बसली होती.

नाव पुकारलं गेलं. उनाने लिहून आणलेलं भाषण बाकावर उपडं ठेवलं.

"मला काही बोलायचं नाही, अध्यक्षबाई."

"तुमचा सगळा वेळ शिल्लक आहे."

"हो. कल्पना आहे मला."

तो वेळ सरल्याशिवाय मतदान घेता येत नव्हतं. सभागृह तसंच बसून राहिलं. आधी कुजबुज झाली, कुणी खोकलं. मग तेही थांबलं. कायदा खरंच आडवा येत असता, तर तिने तो सांगितलाच असता. सरकारी बाकांवरचे चेहरे एकेक करून पिरींकडे वळू लागले. त्यांच्याच पक्षाचे म्हातारे इम्री चष्मा काढून त्यांच्याकडे बघत राहिले. पिरींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता.

चौकशीचा ठराव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. इम्रींनी ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं.

जिन्यात एफीने उनाला गाठलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मिळाली हो चौकशी. त्या इम्रींचं देव भलं करो. पण तुम्ही? एवढा वेळ दिला होता तुम्हाला! माझ्या कर्स्टीसाठी एक शब्द निघू नये तोंडातून? बाई ना तुम्ही?"



"पायऱ्या निसरड्या आहेत," उना म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

एफीने कठडा धरला आणि एकटीच खाली उतरू लागली.