सहावा चमचा

माणसाने अग्नीवर ताबा मिळवला आणि तिथून संस्कृती सुरू झाली. मिस्त्रींच्या घरात मात्र त्या गुरुवारी संध्याकाळी चार जाड ओंडके पंचवीस मिनिटांत जळून गेले, आणि संस्कृती हाताची घडी घालून बघत बसली.

शेगडी घोंघावत होती. तिच्या डोक्यावरचा पत्र्याचा नळ खालून वीतभर लालसर झाला होता. मिस्त्रींनी शेगडीची हवेची खिडकी पार बंद केली, तिच्या दाराची मूठ आणखी आवळली. शेगडीने दोन्हींची दखल घेतली नाही. ऊब खोलीत थांबायचं सोडून नळातून थेट आभाळात चालली होती, आणि मिस्त्री दोन स्वेटर घालून तिला निरोप देत होते.

"बाबा, मागचं लाकूड निम्म्यावर आलंय," मुलगी मागच्या दाराने आत येत म्हणाली. ती दुपारीच आली होती, आणि रिकामी बॅग घेऊन आली होती. बॅग कोणासाठी हे दोघांनाही माहीत होतं. "अजून अर्धा हिवाळा जायचाय."

"लाकूड यंदा हलकं आलंय."

"लाकूड तेच आहे. आई जाऊन दीड महिना झाला, आणि दीड महिन्यात तुम्ही तीन महिन्यांचं लाकूड जाळलंत. तो नळ बघा. एखाद्या दिवशी घर पेटेल. उद्या सकाळी तुम्ही माझ्याकडे येताय."

मुलीचं घर चांगलं होतं. तिथे भिंतीतून गरम पाण्याचे नळ फिरत, आणि जावई सभ्य होता. पण इथे दाराच्या खुंटीवर बायकोचा करडा कोट अजून होता, आणि तिची खुर्ची नेहमीसारखी शेगडीकडे जरा तिरकी होती. ती तिरकी का, हे मिस्त्रींनी कधी विचारलं नव्हतं. घराला कुलूप लागलं की ती सरळ काय न् तिरकी काय.

शिवाय अब्रूचा प्रश्न होता. मिस्त्री अठ्ठावीस वर्षं शेगड्या आणि धुराडी बसवत आले होते. लोकांच्या घरी धुराडं हवा फार ओढायला लागलं, लाकूड कागदासारखं जळायला लागलं, की मिस्त्री बोलावले जात. नळाच्या पायथ्याशी ते एक वजनाची झडप बसवत. वारं वाढलं की झडप आपोआप किलकिली होते, खोलीतली थोडी हवा नळात शिरते आणि धुराड्याचा जोर मोडतो. वारं पडलं की झडप आपोआप मिटते. गावात अशा दोनशे तरी झडपा त्यांनी बसवल्या असतील.

स्वतःच्या घरी मात्र झडप नव्हती. उलट, नवं घर झालं तेव्हा गल्लीत आपलं धुराडं सगळ्यांत उंच दिसावं म्हणून त्यांनी वर दोन तुकडे जादा चढवले होते. पहिल्याच हिवाळ्यात बायको म्हणाली होती, "ही शेगडी फार ओढते हो."

"ओढणारच. चांगलं धुराडं ओढतंच. धूर घरात आला असता तर बोलली असतीस का?"

त्यावर ती पुन्हा बोलली नाही, आणि पुढच्या हिवाळ्यापासून शेगडी गाईसारखी गरीब झाली. मिस्त्रींनी याचं श्रेय स्वतःच्या बांधकामाला दिलं. पुढे ते गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवू लागले. "बघा. उंच धुराडं, वारं सुटलंय, आणि झडप नाही. ज्योत कशी मंद आहे बघा! जात्याच नीट बांधलं की झडपेचे लाड करावे लागत नाहीत." गिऱ्हाईक माना डोलवत. बायको लाकडांच्या टोपलीपाशी चहाचा ट्रे घेऊन उभी असे. गिऱ्हाईक गेलं की लगेच वाकून टोपली सारखी करी.

आता मिस्त्रींनी ओढ मोजायचं यंत्र आणलं आणि त्याची नळी धुराड्याला लावली. सुई बारावर असली की शेगडी शहाण्यासारखी जळते. सुई तिसावर जाऊन थरथरत राहिली.

"यंत्र बिघडलंय," मिस्त्री म्हणाले.

"चमचा लावलात का?" मुलीने विचारलं.

"कसला चमचा?"

"मला वाटलं, एव्हाना तुम्हाला सापडला असेल," मुलगी म्हणाली. मग तिने लाकडांची टोपली बाजूला ओढली. मागे, नळाच्या पायथ्याशी, काजळी काढायचं बशीएवढं झाकण होतं. झाकणाची वरची कड एकाच जागी घासून चकचकीत झाली होती. मुलीने शेगडीमागच्या विटांच्या फटीत दोन बोटं घातली आणि एक चमचा बाहेर काढला. त्याचा दांडा वाकवलेला होता आणि काजळीने काळा पडला होता.

तिने झाकण जरा सैल केलं आणि चमच्याचा दांडा कडेत खोचला. झाकण बोटभर किलकिलं झालं. शेगडीचं घोंघावणं उतरत गेलं, ज्योत मऊ पडली. सुई तिसावरून निघाली, थोडी डुगडुगली आणि बारावर थांबली.

मिस्त्रींनी चष्मा पुसून सुई पुन्हा पाहिली. बाराच.

"हे कधीपासून?"

"मला कळायला लागल्यापासून. वारं सुटलं की लावायची, पडलं की काढायची. आवाजावरून कळायचं तिला."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं म्हणे एकदा. मग तुम्ही माणसं आणायला लागलात घर दाखवायला." मुलगी टोपली जागेवर सरकवत म्हणाली. "म्हणायची, आता चार लोकांत त्यांचं तोंड कुठं पाडू?"

मिस्त्री चमच्याकडे बघत होते. चमचा ओळखीचा होता. लग्नात आलेल्या सहाच्या सेटमधला हा सहावा. तो हरवला त्या आठवड्यात मेहुणी राहून गेली होती, म्हणून मिस्त्रींनी तो तिच्या नावावर टाकला होता. तेव्हापासून मेहुणी यायची म्हटली की ते म्हणत, "चमचे मोजून ठेवा, चमचे!" सगळे हसत. मेहुणीही हसे. दीड महिन्यापूर्वी ती बहिणीला पोचवून परत गेली, त्या संध्याकाळी मिस्त्रींनी सवयीने चमचे मोजले होते. पाच भरले होते.

"तुझ्या मावशीला..."

"मावशीला ठाऊक होतं. म्हणायची, मला चोर म्हणेना का, तुमचं घर तर पेटत नाही ना."

मिस्त्री खाली बसले. बसताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण बायकोच्या खुर्चीत बसलोय. तिथून ज्योत दिसत नव्हती. दिसत होतं ते टोपलीमागचं झाकण.

सहाला वारं पडलं. शेगडी कोमेजली, तिच्या दाराच्या काचेवर धूर साचायला लागला. मिस्त्री उठले, चमचा काढला, झाकण दाबून बसवलं. दहा मिनिटांत वारं पुन्हा उठलं. ते उठले, चमचा लावला. दांडा बोटांना चटका देई. बायकोच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना कायम फोड असे. मिस्त्री म्हणत, "स्वयंपाकात लक्ष दे जरा."

आणि ते स्वतः समोरच्या आरामखुर्चीत पेपर वाचत, आणि ती सारखी उठे, आणि ते पेपरामागून म्हणत, "अगं, बस की जरा! पायाला भिंगरी लागलीय का?" पाहुण्यांनाही सांगत, आमच्या हिच्या पायाला भिंगरी. ती म्हणे, "लाकूड घालते."

वारं पडलं. ते उठले. वारं सुटलं. ते उठले. एकदा आवाज ओळखायला चुकले आणि शेगडी विझत आली. मुलगी भांडी घासताना हे बघत होती. जेवायच्या वेळेपर्यंत ते नऊ वेळा उठले.

"बाबा," ती म्हणाली, "बसा की जरा."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि ते लहान मुलासारखे, तोंड न झाकता रडले. मुलीने पाण्याचा नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. तेवढ्यात वारं सुटलं. यावेळी ती वाकली.

सकाळी तिने बॅग उघडली. मिस्त्री मागच्या शेडमध्ये गेले. तिथे फळीवर वजनाच्या सात झडपा होत्या, गिऱ्हाइकांसाठी आणून ठेवलेल्या. त्यांनी एक उचलली, फडक्याने पुसली आणि आत येऊन शेगडीमागे गुडघे टेकले. जुनं झाकण काढलं. त्या जागी झडप बसवली, वजनाचा स्क्रू फिरवून फिरवून सुई बारावर आणली. बाहेर वारं होतं. झडप बोटभर उघडली. वारं पडलं, झडप मिटली. खोलीत कोणीही उठलं नाही.

मुलीने बॅग रिकामीच पुन्हा मिटवली. चमचा तिने दोनदा घासला. काजळी निघाली, वाक राहिला. तिने तो बाकीच्या पाचांत ठेवून दिला.

झडप बसवायला पस्तीस मिनिटं लागली होती.