आधी गोळी, मग भांडण

"काकू, हे तुमचं वाक्य आहे का?"

साहेबांनी आपला फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर गोळीची आठवण करून देणारं कार्ड होतं, निळ्या रंगाचं, तिच्याच हातचं. त्यावर लिहिलं होतं, 'आई, आधी गोळी, मग भांडण.'

"अगं बाई!" ती म्हणाली. "हे तुमच्या फोनवर कसं आलं?"

"माझ्या एकट्याच्या नाही. सकाळी साडेआठला चार हजार पेशंटांच्या फोनवर गेलंय. रुग्णालयातून फोनवर फोन येतायत. एक निवृत्त न्यायाधीश विचारतायत, मला आई कोण म्हणालं?"

ऑफिसात सगळे तिला काकू म्हणायचे, कारण पन्नाशीला टेकलेली तिथे ती एकटीच. तिचं काम रुग्णालयासाठीच्या ॲपचे सुटे भाग करायचं. एखादं बटण, एखादी यादी, एखादं कार्ड. त्यासाठी अख्खं ॲप चालवत बसायचं नाही. तो एकच भाग संगणकाच्या पडद्यावर उजवीकडच्या चौकटीत एकटा उभा करायचा आणि चारी अंगांनी न्याहाळायचा. काळ्या रंगावर कसा दिसतो, छोट्या फोनवर मावतो का, सगळं. आता कार्ड बघायचं म्हणजे बघण्यापुरता काहीतरी मजकूर त्यात भरावा लागतो. बाकीचे 'अबक अबक' लिहून मोकळे होत. तिला ते पटायचं नाही. "अबक काय, कुठेही मावतं," ती म्हणायची. "माणसं बोलतात ते मावायला पाहिजे."

म्हणून तिने त्या कार्डात स्वतःच्या घरातलं रोजचं वाक्य घातलं होतं. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी नको असायची आणि भांडण मात्र हवं असायचं, तेही उपाशीपोटी. दुधावर साय का धरली नाही, इथपासून सुरुवात. ही पाण्याचा पेला पुढे करून म्हणायची, "आई, आधी गोळी, मग भांडण." सासूबाई गोळी गिळायच्या, पेला आपटायच्या आणि "हं, आता बोल," म्हणून सरसावून बसायच्या. भांडण तेवीस वर्षं चाललं, गोळी शेवटची सहा. नवरा बिचारा पेपरात तोंड खुपसून बसायचा. त्याला कोणाची बाजू घेऊन मरायचं होतं?

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. घर एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं. वाक्य मात्र कार्डात राहिलं. सकाळी चौकट उघडली की पहिलं तेच समोर यायचं, आणि तिला बरं वाटायचं. कोणाला सांगावी अशी ही गोष्ट नव्हती, म्हणून तिने सांगितली नाही.

"आता चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"वाक्य माझं, चूक माझी. खरा मजकूर मिळाला नाही तर नमुन्याचाच दाखव, असं मीच कार्डाला सांगून ठेवलं होतं. हात दाखवून अवलक्षण!"

"आणि ॲपमध्ये बसवताना खरा मजकूर द्यायला मी विसरले, सर," शेजारच्या टेबलावरची बाई उठून म्हणाली. ती तीन महिन्यांपूर्वी लागली होती आणि अजून कायम व्हायची होती. ऑफिसात तिला शेजारीणच म्हणत.

साहेब तसे भले. दोघींनीही कबूल केल्यावर त्यांचा पारा उतरला. "बरं, बरं. तासाभरात दुरुस्ती गेली पाहिजे. आणि ते वाक्य समूळ काढा. नमुन्यातसुद्धा नको."

नमुन्यातसुद्धा नको, हे तिला लागलं. नोकरीची धास्ती क्षणभर वाटली होती, पण नोकरी काय, दुसरी मिळते. आई म्हणायला जगात आता ती एकच चौकट उरली होती.

"मी काढू का?" शेजारणीने हळूच विचारलं.

"राहू दे. ज्याचं त्याने काढावं."

तिने फाइल उघडली, तोच साहेबांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा चमत्कारिक झाला. "रुग्णालयातून जोडून दिलाय. एक आजी आहेत, ज्याने वाक्य लिहिलं त्याच्याशीच बोलणार म्हणतायत. माफी मागा आणि मिटवा."

तिने घसा खाकरला. "नमस्कार आजी, सकाळी चुकून..."

"चुकून वगैरे मला सांगू नकोस," पलीकडून खणखणीत आवाज आला. "गोळी मी साडेआठला घेतली. आता साडेअकरा झाले. भांडणाचं काय?"

तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "कशावरून भांडायचंय?"

"ते मी सांगू? सुरुवात तू केलीस! बरं, ऐक. अक्षर किती बारीक काढलंस! मुंग्यांनी वाचायचं का?"

"अक्षर मुळीच बारीक नाही. तुमचा चष्मा जुना झाला असेल."

"दोन महिन्यांपूर्वीचा आहे!"

"मग पुसत नसाल."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण तिला आता कोण आवरणार?

"आणि निळ्यावर पांढरं कशाला लिहायचं?"

"छान दिसतं म्हणून."

"दिसण्याला काय चाटायचंय?"

अकरा मिनिटं झाली. शेजारीण तोंडावर रुमाल धरून हसत होती. शेवटी आजींना धाप लागली. "माझा मुलगा करतो गं रोज फोन," त्या म्हणाल्या, "पण मेला सगळ्याला हो म्हणतो. त्यात काय मजा? तुझ्या घरी आहे का कोणी भांडायला?"

"होत्या. सासूबाई. गेल्या वर्षी गेल्या."



"जिंकायचं कोण?"

"मीच."

"वाटलंच," आजी म्हणाल्या. "ठेवते आता, माझं जेवण व्हायचंय."

फोन साहेबांना देऊन ती चौकटीकडे वळली. वाक्य निवडलं आणि पुसलं. नमुन्याचाही मजकूर नसला की कार्ड मिटून एका रेघेएवढं व्हायचं. तसं तिनेच केलेलं होतं. त्या रेघेकडे बघताना तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, डोळे पुसले आणि लिहिलं, 'औषध घेण्याची वेळ झाली आहे.' कार्ड पुन्हा उघडलं. वाक्य व्यवस्थित मावलं.

"पाठवायचं ना, काकू?"

"थांब." तिने अक्षर दोन मापांनी मोठं केलं.

"अहो, आत्ता तर आजींना म्हणालात, बारीक नाही म्हणून!"

"बारीकच होतं," ती म्हणाली.

म्हटलं आणि तिची तीच चपापली. तेवीस वर्षांत 'तुमचं बरोबर आहे' हे सासूबाईंना तिने एकदाही म्हटलं नव्हतं. एखाद्या सकाळी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या किती खूश झाल्या असत्या! तिने अक्षर आणखी एका मापाने वाढवलं आणि दुरुस्ती पाठवून दिली.