साहेबांच्या खुर्चीचा टॉवेल

“अवो, बसा की त्या खुर्चीवर एकदाचं,” मी डबा टेबलावर ठेवत म्हणाले. “कोण बघतंय?”

“बघायचा प्रश्न न्हाई, गुलशन. ती साहेबांची हाय.”

आमचे हे, अन्वर, मॅनेजरच्या भल्यामोठ्या टेबलाच्या कोपऱ्याला आपलं स्टूल लावून बसले होते. समोर फायली, पावत्या, शिक्के, सगळं मॅनेजरचंच काम. आणि मधोमध ती रेग्झिनची खुर्ची, रिकामी. रोज सकाळी हे तिच्यावरची धूळ पुसायचे आणि मग स्टुलावर बसायचे. मला तर तिला लाथ घालावीशी वाटायची.

पौडला भाताचा खरेदी-विक्री संघ होता. तिथे हे काट्यावर पोती तोलायला लागले. मॅनेजर कोंडाजीसाहेबांनी ह्यांचं अक्षर पाहिलं आणि आत कारकून म्हणून घेतलं. “अन्वर, माज्यामागं हितं तूच पायजेस. पण परीक्षा दे,” म्हणाले. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात परीक्षा राहायला आली. आधी टायपिंग. क्लास कोथरूडला, येताना शेवटची एस.टी. घरी मशीन कुठलं असणार? शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ह्यांनी टाइपरायटरची बटणं काढली आणि जेवण झालं की त्यावर बोटं बडवत बसायचे. मी जुन्या पेपरातलं वाचून दाखवायची, हे पुठ्ठ्यावर उतरवायचे. काय उतरलं ते अल्लालाच माहीत. मग सहकाराची पदविका. दोनदा नापास. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा मी गल्लीभर शिरा वाटला. ते वर्ष एकोणऐंशीचं.

त्याच वर्षी कोंडाजीसाहेबांना लकवा मारला. संघानं कारभार ह्यांच्याकडे दिला, तात्पुरता. ते तात्पुरतं चांगलं दोन वर्षं चाललं. भाताची खरेदी, खताचं वाटप, ऑडिट, कशात म्हणून खोट नाही. दर रविवारी हे सायकलवर कासार आंबोलीला साहेबांच्या घरी जायचे आणि आठवड्याचा कारभार त्यांना सांगून यायचे. साहेबांना बोलता येत नव्हतं. नुसती मान हलवायचे. तेवढ्यावर हे खूश.

संघात कुणी शेतकरी यायचा, दारातून विचारायचा, “साहेब हायेत का?”

“साहेब आजारी हायेत. काय काम हाय? मी करून देतो,” हे म्हणायचे. आणि करून द्यायचे.

मी मात्र माझ्या तयारीला लागले होते. साहेब लोकांच्या खुर्चीच्या पाठीला पांढरा टॉवेल असतो ना, तसला एक पुण्याहून आणला आणि काठाला फिकट हिरवी वेल भरली. कोंडाजीसाहेबांचा जुना टॉवेल त्यांच्या घरच्यांनी कधीच नेला होता. ह्यांना माझा दाखवला तर लाजले.

“आदी होऊ तर दे,” म्हणाले.

मी तो ट्रंकेत ठेवला, डांबराच्या गोळ्या घालून. त्या दिवशी ह्यांनी दोनदा ट्रंक उघडून तो बघितला. मी चुलीपाशी होते, मला सगळं दिसत होतं.

भातकापणीच्या दिवसांत कोंडाजीसाहेब गेले. हे खांदा देऊन आले, आंघोळ केली, जेवले नाहीत. आठवड्यानं मी डबा घेऊन गेले तर पुन्हा स्टुलावरच.

“आता तरी?”

“कमिटीनं ठरवल्याबिगर कसं बसायचं? बरं दिसंल का?”

कमिटीनं ठरवलं. चेअरमन भिवाजीआण्णा स्वतः सांगायला घरी आले, एवढा मान ठेवला. मी चहा टाकला. मनात म्हटलं, आता ट्रंक उघडायची.

“अन्वरभाई,” आण्णा म्हणाले, “तुमच्या कामात नाव ठेवाया जागा न्हाई. पण आमी पुण्याचा मानूस घेतलाय. वाल्मीक नावाचा पोरगा हाय, शिकलेला.”

मी पुढे झाले. “आण्णा, ह्ये बी परीक्षा पास हायेत. दोन वर्सं कुणी सांबाळलं मग?”

“व्हय की भाभी, ह्यांनीच. मी कुटं न्हाई म्हन्तोय? पण कमिटीत सगळे येकच बोलले. कवाबी जावं तर खुर्ची रिकामी. लोकं इचारायची साहेब कुटंयत, तर ह्ये सोताच सांगायचे, साहेब आजारी हायेत. आता त्याच लोकान्ला कसं पटवायचं, ह्येच साहेब म्हनून?”

ह्यांची बोटं मांडीवर हलत होती, पुठ्ठ्यावर हलायची तशी. ती थांबली.

“चहा घ्या आण्णा,” हे म्हणाले. “गार व्हतोय.”

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी घर डोक्यावर घेईन. कसलं काय! आण्णांची कपबशी विसळली, भात टाकला. रडूही आलं नाही. रागवून रागवायचं तरी कुणावर? आण्णा खोटं बोलले नव्हते. हे चुकीचं वागले नव्हते.

नवा मॅनेजर आला. पोरगा वाईट नाही, ह्यांना ‘अन्वरचाचा’ म्हणतो. पहिल्याच दिवशी आला आणि सरळ खुर्चीवर बसला. ह्यांनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्यापुढे ठेवला आणि स्टूल उचलून बाहेरच्या खोलीत नेलं.

आठवडाभरानं घरी आले, चप्पल काढली आणि दारातूनच म्हणाले, “गुलशन, त्यो टॉवेल काढ.”

“कशाला?”

“साहेबांच्या डोक्याला तेल लई असतंय. खुर्ची खराब व्हतीया.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चिडलेले नव्हते, रडवेले नव्हते. खुर्चीची काळजी होती खरोखरच. मी ट्रंक उघडली आणि टॉवेल काढून दिला. डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून हे अंगणात जाऊन तो झटकत राहिले.

आता दर रविवारी टॉवेल धुवायला घरी येतो. मधोमध तेलाचा डाग असतो, डोक्याएवढा. एकदा साबण लावून निघत नाही, मी दोनदा लावते. वेलीला ब्रश लावत नाही, दोरा सुटेल. सोमवारी सकाळी हे त्याची घडी घालतात आणि पिशवीत डब्याच्या वर ठेवतात, म्हणजे चुरगळत नाही.