आईनं पाळलेलं सूतक

माझी आई सरजाबाई लातूरच्या एका डाळ मिलमध्ये तूर निवडायची. पगारातले घरखर्चापुरते घ्यायची आणि बाकीचे शेठकडेच ठेवायची, कारण घरात पैसा दिसला की वडील तो गुत्त्यावर पोचवत. मिलमधल्या बऱ्याच बायका असंच करायच्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कुणाचे किती साठले ते उमाशंकर शेठ तोंडपाठ सांगायचे, आणि खरं सांगायचे. माणूस सचोटीचा होता, हे मी रागातही नाकारत नाही.

ते पैसे माझ्या नर्सिंगचे होते. नांदेडच्या कॉलेजात माझा नंबर लागला होता आणि फी भरायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. त्याच महिन्यात शेठ वारले.

दुसऱ्याच दिवशी शेजारची कस्तुराबाई धावत आली. तीही त्याच मिलमध्ये होती.

"सरजे, चल. शेठच्या पोरानं मिल विकली म्हणं. बाया पैसे मागायला निघाल्यात."

आई जागची हलली नाही. "कालच माणूस गेलाय अन् आज दारात जाऊन पैसे मागू? सुतकात? तेरावं होऊ दे."

"आई, आपल्यात कुठलं आलंय सूतक?" मी ओरडले. "आज्जा बौद्ध झाला तवाच सोडलं ना सगळं?"

"आपल्यात न्हाई, पण त्यांच्यात हाय ना? इतकी वर्सं त्यांचं अन्न खाल्लं, म्हामाया."

आम्ही अन्न आमच्या कष्टाचं खाल्लं होतं. मी आदळआपट केली, उपाशी राहिले. एकटी जाते म्हटलं, तर तिनं गळ्याची शपथ घातली. कस्तुराबाई गेली आणि आपले पैसे घेऊन आली.

तेरावं उलटलं, तशी आई धुवट पातळ नेसून निघाली. मीही गेले. मिलच्या फाटकाला नवं कुलूप होतं, म्हणून आम्ही शेठच्या घरी गेलो. तिथं त्यांचा मुलगा मृत्युंजय भेटला. आई आधी शेठसाठी पोटभर रडली, मग चाचरत पैशांचं बोलली.

"मावशी, तुम्ही तेव्हाच का नाही आलात?" तो म्हणाला. "मिलचा सौदा बाबा असतानाच झाला होता. इसाराची रक्कम हातात होती, ती आलेल्या बायकांना त्यांच्या शब्दावर वाटून टाकली. बाकी सगळं कर्जापोटी बँकेनं नेलं."

"सुतकात कसं यावं, मालक?"

"आम्ही लिंगायत. आमच्यात सूतक धरत नाहीत."

आई माझ्याकडे बघतच राहिली. ना त्यांच्यात सूतक, ना आमच्यात. तिनं एकटीनंच ते पाळलं होतं. मला तिची दया आली आणि तेवढाच संतापही आला.

"पण माझे पैसे तर हायेत ना?" तिनं विचारलं.

"असतील. पण किती, ते मला कसं कळणार? सगळं बाबांच्या डोक्यात होतं."

कामगार ऑफिसात गेलो, तर साहेबानं पुरावा मागितला. आज या, उद्या या, मिलमधला साक्षीदार आणा. कस्तुराबाई साक्षीला आली, पण आकडा तिला तरी कुठं ठाऊक? गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी आमची गत झाली. त्या हेलपाट्यांत फीची मुदत संपली. माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली.

त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही. "मला बोल गं. शिव्या दे," ती म्हणत राहिली. माझ्या तोंडात शिव्या होत्याही, पण तिच्याकडे बघून एकही बाहेर पडली नाही.

पुढच्या आठवड्यात तिला दुसऱ्या मिलमध्ये काम लागलं. मीही तिच्यासोबत कामाला गेले. मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आईला विचारलं, "ही कोण?"

"माझी पोरगी हाय," आई म्हणाली. "बारावी पास हाय. नर्स..."

पुढं तिला बोलता येईना. हातातलं सूप तसंच धरून ती सगळ्या बायांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागली.