गेरूची चोवीस चित्रं

सुनेला वळण नाही, हे केझाया ट्रँटरबाईंनी लग्नाच्या दिवशीच ओळखलं होतं. पण ती आपल्या चित्रांना हात घालेल, एवढी तिची छाती असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. एक नाही, दोन नाही, चोवीस चित्रं! दोरीवर वाळत घातलेली, आणि चोवीसांवर अमेरिकेतलं ते जुनं सभागृह गेरूनं लालेलाल. ज्यावरून सगळ्यांनी रंग लावायचे त्या नमुन्यात भिंत राखाडी होती, दगडी. आणि नमुना रंगवलेला कुणी? खुद्द केझायाबाईंनी.

लंडनमधल्या क्लार्कनवेलच्या त्या माडीवर सात बायका एका लांब टेबलाभोवती बसत. छापून आलेलं काळं चित्र एकीकडून दुसरीकडे सरकायचं. एकीनं आभाळ लावायचं, दुसरीनं झाडं, तिसरीनं थोरामोठ्यांचे गाल. डॉर्कसकडे, म्हणजे सुनेकडे, भिंती होत्या. घरचा नियम एकच: कुंचला ओला असेतो तोंड बंद. बोललं की हात हलतो.

यंदाचं काम मोठं होतं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या नामांकित वास्तू आणि नामांकित माणसं, बारा चित्रांचा संच. प्रकाशक गॅड्सबी शनिवारी दुपारी पहिला गठ्ठा न्यायला येणार होते. मागच्या खेपेला जाताजाता ते बोलूनही गेले होते, "आता रंगीत छापणारी यंत्रं आलीत, ट्रँटरबाई. यंत्र चुकत नाही." एक चित्र परत आलं की काम गेलं, आणि कामाबरोबर सात चुली गेल्या. हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"कुणी सांगितलं गं तुला हे?" त्या कडाडल्या.

डॉर्कस उभी राहिली. कोपरापर्यंत गेरू. "कुणी नाही, आई."

"मग काय, अमेरिका स्वप्नात आली?"

"भिंत विटांची आहे."

"तू गेली होतीस बघायला?"

"चित्रात दिसतंय ना."

"विटा रचणाऱ्याची पोर ती! तिला जिथंतिथं विटाच दिसायच्या. उद्या वॉशिंग्टनसाहेबांच्या गालावरही विटा रचशील." बायका मान खाली घालून खुसखुसल्या. "दिसलं होतं तर मला सांगायचं नाहीस?"

"कुंचला ओला होता," डॉर्कस म्हणाली.

 आभाळवालीच्या हातून एक निळा थेंब टेबलावर पडला.

खरं तर बाईंनी तिथल्या तिथे नवे कागद काढून राखाडी लावायला सांगितलं असतं. पण ते 'दिसतंय ना' वहाणेत खडा जावा तसं टोचत राहिलं. तीस वर्षं त्या अमेरिका रंगवत होत्या. तिथल्या नद्या निळ्या केल्या, डोंगर हिरवे केले, पुढाऱ्यांचे डोळे कधी निळे तर कधी तपकिरी, जो रंग वाटीत उरला असेल तो. तिथं खरंच काय रंग आहे, हे विचारावंसं एकदाही वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि वाटलं म्हटल्यावर त्यांना बसवेना. एक बिनरंगाचं चित्र गुंडाळून त्यांनी टोपी चढवली.

शेजारणीकडे जहाजावरचा एक सुतार राहत होता. चार वेळा अमेरिकेला जाऊन आलेला.

"पांढरं आहे," तो चित्र न बघताच म्हणाला. "दुधासारखं."

"आत गेला होतास?"

"आत कशाला?"

"बरं, बाहेरून तरी?"

सुतारानं डोकं खाजवलं. "आता बाई, बंदराला लागूनच एक बरा गुत्ता आहे. तिथून पुढं जायचं कधी जमलंच नाही."

"म्हणजे चार वेळा समुद्र ओलांडून तू गुत्ता बघून आलास."

तिथून त्या सायलस पिमकडे गेल्या. छापण्यासाठी हे चित्र त्यानंच पोलादी पत्र्यावर कोरलं होतं. म्हातारा खिडकीत भिंगाला डोळा लावून कुणा बिशपच्या भुवया कोरत होता.

"पिम, ही भिंत कशाची?"

त्यानं वरही पाहिलं नाही. भिंग मात्र त्यांच्याकडे सरकवलं. "बघा की. दाराशेजारी बघा."

बाई वाकल्या. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं, पण रेघेला त्या कधी फसल्या नव्हत्या, निदान असं त्या सगळ्यांना सांगत. दाराशेजारी केसाएवढ्या रेघा होत्या. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. वरच्या आखूड रेघेखाली बरोबर मधोमध खालची लांब.

"दगड असता तर?"

"दगडासाठी मी एवढे डोळे फोडतो का? चार मोठे चौकोन मारले असते नि जेवायला गेलो असतो. मला दिलेल्या रेखाटनात विटा होत्या, मी विटा कोरल्या."

"आणि मी राखाडी लावलं, ते तू गॅड्सबींकडं पाहिलं होतंस?"

"पाहिलं की."

"मग बोलला नाहीस?"

"तुमच्या नमुन्याला नाव ठेवू?" पिम हसला तेव्हा त्याचे तीनच दात दिसले. "उरलेत ते मला हवे आहेत, बाई."

परत येताना बाई एका साध्या घराच्या भिंतीपुढे थांबल्या. लांब, आखूड, लांब, आखूड. साठ वर्षं याच भिंतीपुढून येणं-जाणं. त्यांनी हातमोजा काढून बोट फिरवलं. दूधवाली कावड खाली ठेवून बघत राहिली. "काय बघतेस? भिंत आहे!" बाई म्हणाल्या, आणि पुढच्या भिंतीपाशी पुन्हा थांबल्या.

घरी आधी नमुन्याबरहुकूम रंगवलेली चाळीस राखाडी चित्रं तयार पडली होती. बाईंनी त्यातलं एक न बोलता डॉर्कसपुढे सरकवलं. तिनंही न बोलता गेरू पातळ केला आणि राखाडीवर एकच हात फिरवला. भिंत धुरकटली, जुनी झाली, खरी झाली. नव्या चोवीसांपेक्षा बरी.

शनिवारी गॅड्सबींनी जुना नमुना आणि नवं चित्र शेजारीशेजारी धरलं. "यातलं बरोबर कोणतं?"

टेबलाभोवती सात कुंचले थांबले. बाईंनी नव्या चित्रावर बोट ठेवलं.

"लाल. नमुना चुकला होता. मी चुकवला होता."

"तुम्ही?"

"मी. भिंग लावा नि दाराशेजारी बघा. आणि साहेब, तुमचं यंत्र असतं तर चारशे वेळा तेच चुकलं असतं, नि एकदाही तोंड उघडलं नसतं."

गॅड्सबींनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग गठ्ठा बांधायला सांगितला आणि म्हणाले, "पुढचा संच सोमवारी पाठवतो."

त्यांची पावलं जिन्याखाली गेल्यावर केझायाबाई सुनेकडे वळल्या.

"डॉर्कस, नीट ऐक. मला न विचारता चोवीस कागद रंगवलेस, हे चुकलं, आणि ते मी मरेपर्यंत तुला ऐकवणार. भिंत तुला दिसली, मला दिसली नाही, हेही खरं, पण ते मी एकदाच म्हणणार, तेव्हा कान उघडे ठेव. सोमवारपासून नमुना तू काढायचास, मी शेजारी बसेन. काही दिसलं तर कुंचला ओला असला तरी बोलायचं. आणि तुझ्या बापाला उद्या जेवायला बोलाव. तीस वर्षं चर्चच्या कमानी रंगवतेय मी, त्या कशाच्या असतात ते मला त्याला विचारायचंय."