पुढच्या चाकाचे चार नट

माझं तोंड वाईट आहे, हे नागापूर एमआयडीसीत कुणालाही विचारा. गोरख मिस्त्री म्हटलं की लोक आधी माझ्या शिव्या सांगतात आणि मग माझं काम. पण काम सांगतात. चार सिलेंडरची जुनी जपानी मोटारसायकल गोठ्यात वीस वर्षं कोंबड्या अंगावर घेऊन पडलेली असू द्या, माझ्या शेडमधून ती चारही सायलेन्सर एका सुरात वाजवत बाहेर पडते. फुशारकी वाटली तर वाटू द्या. ह्या दसऱ्याला ती पुरती जिरली.

बेलापूरचे बिभीषणकाका म्हणजे मोठे बागायतदार. त्यांच्या तरुणपणातली लाल टाकीची गाडी वर्षभर माझ्याकडं उघडी पडली होती. दसऱ्याला बाराच्या आत ती त्यांच्या दारात पूजेला उभी करायची, असा मी शब्द दिला होता. इंजिन मी बांधलं, कार्ब्युरेटर माझ्या मुलीनं जुळवले. राजनंदिनी तिचं नाव, घरात नंदू. तेवीस वर्षांची, डिप्लोमा झालेली. चार कार्ब्युरेटर एकसारखे ओढायला लावणं हे ह्या गाड्यांचं सगळ्यात नाजूक काम. त्याला कान लागतो, तो तिला आहे, मला नाही. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पोरं डोक्यावर बसतात.

गाडी चालवायलाही मीच शिकवली. रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. ती पुढं मोठ्या गाडीवर आणि मी मागं माझ्या शंभर सीसीच्या फटफटीवर. ती भिऊन हळू झाली की मी मागून हॉर्न दाबून धरायचा, म्हणजे ‘पीळ’, वेग वाढव. तिनं पिळेपर्यंत सोडायचा नाही. अशी शिकली ती.

आमच्या शेडात एक नियम आहे. नट शेवटचा कसून झाला की त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. बाटली बायकोची, रुपालीची. ठिपका नाही म्हणजे नट कसलेला नाही, मग तो कितीही घट्ट दिसो. ह्या नियमात चुकलेल्या दोन कामगारांना मी त्याच दिवशी घरी पाठवलंय.

खंडेनवमीच्या संध्याकाळी मी पुढचं चाक बसवलं. त्या गाडीच्या पुढच्या चाकाचा दांडा, म्हणजे एक्सल, फोर्कच्या दोन नळ्यांच्या पायथ्याशी दोन क्लॅम्पमध्ये धरलेला असतो. एका क्लॅम्पला दोन नट, असे चार. पुढचं अख्खं चाक त्या चार नटांवर. ते मी नुसते हातानं फिरवून ठेवले, कारण ताण मोजून नट कसायचा पाना शेजारच्या शेडातल्या छगननं नेला होता. म्हटलं, सकाळी कसू. ठिपके अर्थातच दिले नाहीत.

सकाळी रुपालीनं शेडात यंत्रांची पूजा केली, हँडलला झेंडूचा हार घातला. बिभीषणकाकांचे दोन फोन येऊन गेले. मी निघण्याआधीची फेरी मारली. वाकून एकेक नट पाहिला. लाल, लाल, लाल. पुढच्या चाकाचे चारही लाल. क्षणभर वाटलं, हे कधी कसले मी? पण ठिपका आहे म्हणजे कसलेत. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझा माझ्या खुणेवर जास्त भरवसा. शिवाय घाई होती.

“पप्पा, मी नेऊ का बेलापूरपर्यंत?” नंदूनं विचारलं. सकाळपासून तिच्या ओठांवर होतं ते, मला दिसत होतं.

“ने. पर मधी कुठं पाडलीस तर घरी येऊ नको,” मी म्हणालो. माझ्याकडून एवढं म्हणजे लाडच. ती हसली, हेल्मेट घातलं आणि दहाला निघाली. मी कागदपत्रं घेऊन मागून येणार होतो.

मी हात धूत होतो. रुपाली पूजेचं ताट आवरत होती.

“यंदा मी तुमच्यासारखं केलं बरं का,” ती म्हणाली. “तेलात कुंकू कालवलं अन् काडीनं नटाला बारीक बारीक ठिपके दिले. पुढच्या चाकाला तुमी द्यायचे राहिले हुते, ते चारी मीच दिले.”

पाणी हातावरून वाहत राहिलं. मला ऐकू आलं होतं, पण ते आत पोचायला वेळ लागला. मग पोचलं. मी नळाला धरून उभा राहिलो.

“काय झालं हो?”

तिला काय सांगणार? तिनं पूजा केली होती. पाना छगनकडं होता, नट मी सोडले होते आणि फेरीही मीच मारली होती. लोकांना नियम शिकवणारा मी, आणि नटाला बोट लावून बघायचंसुद्धा मला सुचलं नाही.

नंदूला फोन लावला. वाजला आणि बंद पडला. पुन्हा लावला. पाठीवरच्या सॅकेत फोन, डोक्यात हेल्मेट, खाली चार सायलेन्सर. तिला काय ऐकू येणार? खिशात पाने कोंबले आणि फटफटीला लाथ मारली. ती निघून वीस मिनिटं झाली होती.

मनमाड रोडचे खड्डे मी आयुष्यभर शिव्या घालत चालवलेत. त्या दिवशी शिवी सुचली नाही. प्रत्येक खड्डा मी तिच्या चाकानं मोजत होतो. मला माहीत होतं काय होतं ते, हाच तर त्रास होता. दुसऱ्या बापाला नुसती काळजी वाटली असती. मला सगळं पायरीपायरीनं दिसत होतं. इंजिनच्या थरथरीनं नट आट्याआट्यानं वर सरकणार. एखाद्या खड्ड्यात क्लॅम्प उघडणार. चाक फोर्क सोडून पुढं पळणार, फोर्क डांबरात रुतणार, आणि गाडीवरचं माणूस हँडलवरून पुढं फेकलं जाणार. मागनं ऊस नाहीतर कांदा भरलेला ट्रक असणार.

विळद घाटात वळणावर डांबरावर झेंडू पडला होता. चिरडलेला, बराच. मी गाडी थांबवून कठड्याशी गेलो आणि खाली पाहिलं. खाली बाभळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाकी काही नाही. मग लक्षात आलं, आज प्रत्येक गाडीला हार आहे. रस्ताभर झेंडू सांडलाय. प्रत्येक ठिकाणी थांबलो तर ती सापडायची नाही.

घाट उतरल्यावर एका रसवंतीपाशी माणसं गोल उभी होती. मी गाडीवरनं अर्धवट उतरतच ओरडलो, “काय झालं? कोण हाय?”

“कोन न्हाई, टायर फुटला टेम्पोचा,” एकजण म्हणाला. रसवंतीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, लाल गाडी, चार सायलेन्सर, पोरगी चालवतेय, गेली का?

“गेली की. लई हळू चालली हुती. हँडल गच्च धरून, अशी वाकून.” त्यानं करून दाखवलं. “मला वाटलं, नवीन शिकती.”

नवीन शिकती. हँडल गच्च धरून म्हणजे हँडल हलायला लागलं होतं. म्हणजे नट सुटत होते. देवाला मी सहसा त्रास देत नाही, पण त्या दहा-बारा किलोमीटरमध्ये वाटेतल्या एकाही देवळाला सोडलं नाही. मोहटादेवी, शनी, साईबाबा, जो आठवला त्याला सांगितलं, की माझे हात घे, डोळे घे, हे दुकान घे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं म्हणावं तर हेल्मेटची काच खाली होती.

मुळा नदीच्या पुलाच्या अलीकडं ती मला दिसली.

लाल टाकी, पाठीवर निळी सॅक, डाव्या कडेनं, सायकलच्या वेगानं. जिवंत. मला एवढा आनंद झाला की मी काही विचार न करता हॉर्नवर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. थांब, थांब, थांब.

तिनं आरशात पाहिलं आणि ॲक्सिलरेटर पिळला.

चारही सायलेन्सर खुलले. गाडी माझ्यापासून सुटली. मला समजायला एक क्षण लागला, आणि तो क्षण मी विसरणार नाही. मीच तिला हे शिकवलं होतं. मागं बाप हॉर्न दाबतोय म्हणजे पीळ. मी अजून जोरात दाबला, हात हलवला, ओरडलो. ती अजून जोरात निघाली. पुढच्या चाकाचं डुगडुगणं मला मागूनसुद्धा दिसत होतं. पुढं पूल, पुलाच्या तोंडाशी उखडलेला रस्ता, समोरून ट्रकची रांग.

मी अंगठा उचलला.

तिला गाठायला जावं तर ती आणखी पळणार. ओरडावं तर ऐकू येणार नाही. मग एकच उरलं होतं, आणि ते करायला माझं मन घेईना. मी ब्रेक दाबला. पोटचं पोर मरणाकडं पळतंय आणि बाप थांबतोय. गाडी कडेला घेतली, उतरलो आणि खडीवर भुईला बसलो. तिच्या आरशातून मी दिसेनासा व्हायला हवा होतो. बाप मागं पडला हे पाहून ती थांबेल, असं मला वाटलं. खात्री कुठं होती? मी आयुष्यात असं काय केलं होतं की तिनं वळून पाहावं?

लाल टाकी लहान होत गेली. पूल पंधरा-वीस पावलांवर राहिला असेल. मग गाडीचा आवाज खाली आला. “पुढचा ब्रेक नको गं, मागचा दाब,” मी तिथंच बसून पुटपुटत होतो. ती कडेला सरकली. थांबली. पाय टेकला आणि मान वळवून मागं पाहिलं.

मी पळालो. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी.

“पप्पा, काय झालं? पडलात का? छातीत दुखतंय का?” तिनं हेल्मेट काढलं होतं. चेहरा घामानं निथळत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत थरथरत होते. मी चाकापाशी गुडघे टेकले. उजव्या क्लॅम्पचा एक नट नव्हताच. दुसरा एका आट्यावर लटकत होता, मी बोट लावलं आणि तो माझ्या हातात आला. डावीकडचे दोन्ही हातानं फिरत होते. एक्सल क्लॅम्पमधून केसभर खाली आला होता.

नंदू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला समजवावं लागलं नाही, तीही मिस्त्रीच आहे. बाजूनं ट्रक जात होते.

“हे कधीपासून हलत हुतं?” मी विचारलं.

“विळदपासून.”

“विळदपासून? अगं, मग थांबायचं. फोन करायचा.”

“थांबले हुते घाटात. फोन काढला पन हुता.” ती खाली बघून बोलत होती. “मला वाटलं, गाडीला काय न्हाई, माजेच हात कापत्यात. तुमी तेच म्हनला असता. पुन्हा गाडीला हात लावू दिला नसता.”

“अन् आता? हॉर्न वाजला तवा? एवढं हलत असताना पिळलीस?”

“तुमी लई वरडला असता, पप्पा.”

मला तिला सांगायचं होतं की चूक माझी आहे. नट मी सोडले, फेरी मी मारली, तुझे हात चांगले आहेत, माझ्यापेक्षा चांगले आहेत. हे एवढं सांगायला मी उठलो, तिच्याकडं वळलो आणि तोंड उघडलं.

माझी पोर एक पाऊल मागं सरकली.