सहावी ब दुसऱ्यांदा पेपर देते

पौर्णिमा गजभिये मॅडमच्या पीएच.डी.ची मुदत शनिवारी संपत होती. मॅडम वडनेरच्या एका शाळेत खेळ शिकवत. खेळाच्या तासाबद्दल मुलांना मनातून काय वाटतं, ते मोजणारी प्रश्नावली त्यांनी स्वतः बेतली होती. वीस वाक्यं, प्रत्येकापुढे हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. मनाला पटेल त्या चेहऱ्यावर खूण करायची.

अशी प्रश्नावली भरवशाची ठरवायची तर त्याच मुलांना पंधरा दिवसांनी तीच पुन्हा द्यावी लागते. उत्तरं जुळली की आकडा एकाच्या जवळ जातो आणि माणूस डॉक्टर होतो. नाही जुळली तर आकडा शून्याजवळ घुटमळतो आणि माणूस मॅडमच राहतो.

मॅडमचा आकडा आला उणे शून्य पूर्णांक आठ दशांश.

त्यांनी गणित तीनदा केलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. उणे जागचं हललं नाही. पहिल्यांदा हसलेली सहावी ब पंधरा दिवसांत रडायला लागली होती, आणि रडकी पोरं हसत होती. शेवटी त्यांनी वर्ध्याला आपल्या गाईडना, प्रभाकररावांना, फोन लावला.

"पॉइंट आठ? चांगला आहे की आकडा," सर म्हणाले.

"सर, उणे आहे."

"बारीकशी रेघ असते हो ती. टायपिंगमध्ये राहूनही जाते एखाद्या वेळेस. शनिवारी पाचच्या आत आणा. मार्चमध्ये मी रिटायर होऊन राहिलो."

दुसऱ्या दिवशी भरलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन त्या वर्गात शिरल्या.

"रजत, मागच्या वेळेस कबड्डीले हसरा चेहरा केलता. आता रडका काऊन?"

"मले वाटलं चुकलं."

"त्यात चुकायचं काय आहे?"

"तोच पेपर पुन्हा आला ना, मॅडम. नापास पोरायचाच घेतेत पुन्हा."

"सगळा वर्गच नापास झालता," शेजारच्या आकांक्षानं समजावून सांगितलं. "म्हणून आमी सगळ्यायनं बदलून लिवलं."

एका पोरीनं तेवढं बदललं नव्हतं. नंदिनीचे दोन्ही कागद सारखे होते: एकोणीस चेहरे रडके. हसरा एकच, 'खेळाचा तास रद्द झाला की मला आनंद होतो' यापुढचा.

"तुले नाई वाटलं का नापास झाली म्हणून?"

"वाटलं ना. पण मले नाईच आवडत, तर काय लिवू? दिवाळीपासून खेळाच्या तासाले कागदच देऊन राह्यल्या तुमी. मैदानावर कवा नेलं?"

मॅडमनी मनातल्या मनात तास मोजले. अकरा भरले. प्रश्नावलीचे कच्चे कागद भरून घेण्यातच ते गेले होते.

शनिवारी साडेचारला त्या सरांसमोर बसल्या. हातात प्रबंध नव्हता, मुदतवाढीचा अर्ज होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'विद्यार्थ्यांनी उत्तीर्ण होण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्यामुळे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे समितीपुढे ठेवू?"

"ठेवा, सर."

"नामंजूर झालं तर सहा वर्षं पाण्यात, मॅडम."

"हो सर."

समिती सोमवारी अकराला बसली. त्याच वेळी सहावी ब मैदानात कबड्डी खेळत होती. मॅडमच्या तोंडात शिट्टी होती, आणि मुठीत फोन. तो अजून वाजला नव्हता. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले.

"मॅडम," नंदिनी धुळीनं माखून समोर उभी होती. "मी बाद नाई. रेघेले हात लावलता मी. तुमी पाहूनच नाई राह्यल्या."